शेवटच्या दुखण्यातली सेवा कशी पारखावी?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना तोंडाचा कर्करोग आहे. ऑपरेशन झाले, शेक झाला, तरी गाठ पुन्हा आली. आता आणखी उपचारांचा फायदा नाही, पॅलिएटिव्ह केअर घ्या, असे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले. एका नातेवाइकांनी नागपुरातल्या हॉस्पिसचे नाव सुचवले, दुसऱ्यांनी घरी येऊन सेवा देणाऱ्यांचा फोन नंबर दिला. तिसरे म्हणतात, अशा ठिकाणी नेले की माणूस लवकर जातो. यातले खरे काय आणि चांगली सेवा कोणती, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचे कसे?
– एक वाचक भगिनी, मूल

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. ही सेवा नेमकी कशासाठी असते, हा पहिला आणि ती चांगली की वाईट हे घरच्या माणसाने कसे ठरवायचे, हा दुसरा. पहिला सुटल्याशिवाय दुसरा सुटत नाही. सेवा कोणत्या कामासाठी घ्यायची हेच ठाऊक नसेल, तर आपण इमारत, खोल्या आणि मोठे नाव पाहून निवड करतो. म्हणून उत्तराचे सार आधी सांगतो. इमारतीकडे पाहू नका, रुग्णाच्या दुखण्याकडे पाहा. दोन-तीन दिवसांत दुखणे उतरले का, रात्री-अपरात्री कोणी फोन उचलला का आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवली का, एवढ्यात बरीचशी परीक्षा होते. आता एकेक गाठ सोडवू.

आजार बरा होण्यासारखा नसतो, तेव्हाही वेदना, दम लागणे, मळमळ, जखम, झोप न लागणे, भीती हे सगळे कमी करता येते. ते कमी करणारा उपचार म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. हाच उपचार आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात, रुग्णाला ठेवून घेऊन किंवा त्याच्या घरी जाऊन दिला जातो, तेव्हा त्याला हॉस्पिस सेवा म्हणतात. याची आधुनिक सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांच्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसने झाली. भारतातले पहिले हॉस्पिस आपल्याच राज्यात, मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये उघडले. त्याचे नाव शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. केरळात १९९३ साली कालिकतला छोटा दवाखाना सुरू झाला आणि त्यातून घरोघरी जाणाऱ्या सेवेचे मोठे जाळे उभे राहिले. नागपुरात असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठी स्नेहांचल ही संस्था आहे. तेव्हा हा कुठला नवा प्रयोग नाही. वैद्यकशास्त्राची ही रीतसर शाखा आहे आणि तिचे स्वतःचे नियम आहेत.

माणूस लवकर जातो का?

हा समज जुना आहे आणि तो कसा पडला तेही समजते. आपल्याकडे बहुतेक रुग्ण या सेवेकडे अगदी शेवटच्या आठवड्यात पोचतात. तिथे पोचले आणि चार दिवसांत गेले, म्हणून दोष त्या जागेला लागतो. प्रत्यक्षात त्यांना तिथे पोचायलाच उशीर झालेला असतो.

याची नीट तपासणी झालेली आहे. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्याला त्यासोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर दिली. २०१० साली निष्कर्ष छापून आले. दुसऱ्या गटातल्या रुग्णांना त्रास कमी झाला, त्यांची उदासी कमी होती आणि ते सरासरीने जास्तही जगले : पहिल्या गटात सुमारे ८.९ महिने, दुसऱ्यात ११.६ महिने. प्रत्येक रुग्णाचे आयुष्य वाढेलच, असा याचा अर्थ नाही. पण ही सेवा आयुष्य तोडते, ही भीती मनातून काढून टाकायला एवढे पुरेसे आहे.

मग पारखायचे आपणच का?

इंग्लंडमध्ये सरकारी नियामक हॉस्पिसची तपासणी करून दर्जा जाहीर करतो. अमेरिकेत रुग्ण गेल्यानंतर कुटुंबाला प्रश्नावली पाठवतात आणि हॉस्पिसनुसार उत्तरांचे आकडे लोकांसमोर ठेवतात. आपल्याकडे घरबसल्या पाहता येईल अशी गुणपत्रिका नाही. २०१५ साली ८० देशांतल्या शेवटच्या काळातील सेवेची जागतिक क्रमवारी लागली, तेव्हा भारत ६७ वा होता. म्हणजे चांगली केंद्रे आहेत, पण मोजकी आणि विखुरलेली.

मात्र मापदंडच नाही, असे समजू नका. देशातल्या पॅलिएटिव्ह डॉक्टरांनी केंद्रांसाठी किमान निकष लिहून ठेवले आहेत. वेदना मोजून नोंदवली जाते का, तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन खंड न पडता मिळते का, डॉक्टर आणि परिचारिका यांनी या विषयाचे प्रशिक्षण घेतले आहे का, मनाच्या आणि पैशाच्या अडचणींकडे कोणी पाहते का, घरच्यांना सामील करून घेतात का, अशी ती यादी आहे. हे सगळे घरच्या माणसाला साध्या प्रश्नांतून काढून घेता येते. ते कसे, हे पुढे क्रमाने पाहू.

पहिली पायरी : ही सेवा तीच आहे ना?

ब्युरोकडून येणारी आया, दिवसाच्या दराने मिळणारी नर्स, सलाईन लावून देणारा कंपाउंडर आणि पॅलिएटिव्ह पथक, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आया अंघोळ घालेल, कूस बदलेल. तेही मोलाचे काम आहे. पण दुखणे वाढले तर औषध बदलण्याचा अधिकार तिला नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा : तुमच्याकडे डॉक्टर कोण, त्यांनी पॅलिएटिव्ह उपचारांचे प्रशिक्षण कुठे घेतले आणि ते स्वतः रुग्णाला किती दिवसांनी पाहतात? उत्तर गुळमुळीत आले, तर ती निव्वळ मनुष्यबळ पुरवणारी संस्था आहे असे समजा.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. शेवटच्या टप्प्यातला कर्करोग पूर्ण बरा करून देतो, असे जो सांगतो त्याच्या वाटेला जाऊ नका. खरी पॅलिएटिव्ह सेवा देणारा माणूस आजाराबद्दल आश्वासन देत नाही. दुखणे आटोक्यात आणू, हे मात्र ठामपणे सांगतो.

दुसरी पायरी : मॉर्फिन

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे तो विचारायलाच लोक कचरतात. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे मुख्य औषध आहे. ते स्वस्त आहे, गोळीच्या रूपात मिळते आणि ज्या अफूपासून ते बनते ती अफू शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचच्या भागात सरकारी परवान्याने पिकते. तरी ते गावोगावच्या औषध दुकानांत मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने त्यावर कडक बंधने आली आणि परवान्यांच्या कटकटीमुळे बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला प्रशिक्षित डॉक्टर आणि साठ्याची नोंदवही या अटींवर ते ठेवता येते.

म्हणून सरळ विचारा : तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का? मागच्या काही महिन्यांत कधी संपल्या होत्या का? एका वेळी किती दिवसांच्या देता? संपत आल्या की घ्यायला कुणी यायचे? मूलहून चंद्रपूर ४५-५० किलोमीटर आणि नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. दर चार दिवसांनी चकरा माराव्या लागल्या, तर रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत घर कोलमडते. आपण ऑनलाइन पाहू, असे कोणी म्हणाले तर तेही तपासा. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार मॉर्फिनसारखे अमली औषध फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाही. तेव्हा केवळ फोनवर चालणारी सेवा तुमच्या सासऱ्यांना पुरी पडणार नाही.

ज्या केंद्रात मॉर्फिन नसते, तिथे दोन गोष्टी दिसतात. एक तर रोज दुखण्याचे इंजेक्शन टोचतात. त्याने चार-सहा तास बरे वाटते, पण बरेच दिवस चालले तर मूत्रपिंड आणि जठर बिघडते. नाही तर कातडीवर चिकटवायची महागडी पट्टी लिहून देतात. पट्टी वाईट नाही, काही रुग्णांना ती योग्यच असते. पण गोळी चालत असताना तिच्याऐवजी पट्टी का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. गिळता येत नाही म्हणून, असे कारण सांगितले, तर मॉर्फिनची साधी गोळी पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून देता येते, हे ध्यानात असू द्या. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी मात्र कधीही कुटायची नसते. तुमच्या हाती दिलेली गोळी कोणत्या प्रकारची आहे, हे चांगले पथक न विचारताच सांगते.

मॉर्फिनने व्यसन लागते, ते दिले म्हणजे शेवट आला, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. तीव्र वेदनेसाठी देखरेखीखाली, योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता फारच थोडी असते आणि त्याने मृत्यू ओढवत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ जाणवते, मग ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध द्यावेच लागते. ही पारखण्याची फार चांगली खूण आहे. चिठ्ठीवर मॉर्फिन आहे आणि पोट साफ होण्याचे औषध नाही, असे दिसले तर का नाही, हे तिथल्या तिथे विचारा.

दुसरी खूण वेळेची. साधे मॉर्फिन चार-चार तासांनी घ्यायचे असते, दुखायला लागल्यावर नव्हे. जंगलात वणवा लागण्याआधी वनखाते जाळरेषा काढून ठेवते, तसेच हे आहे. वेदना पेटल्यावर ती विझवायला जास्त औषध लागते आणि रुग्णाचा धीर खचतो. म्हणून घड्याळाबरहुकूम औषध द्यायचे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून सांगितले आहे. मधेच दुखले तर जादा मात्रा किती द्यायची, हेही चिठ्ठीवर लिहिलेले असले पाहिजे. ‘दुखले तर घ्या’ एवढेच लिहून देणाऱ्याला हे शास्त्र आलेले नाही.

तिसरी पायरी : दुखणे मोजतात का?

बरे वाटते का, असे विचारले की आपली म्हातारी माणसे ‘हो’ म्हणतात. घरच्यांना त्रास नको, डॉक्टरांचा वेळ जायला नको, ही त्यामागची भावना असते. म्हणून चांगले पथक आकडा विचारते. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य, आता किती? ज्यांना हे जमत नाही त्यांना चेहऱ्यांची चित्रे दाखवतात. तुमच्या सासऱ्यांना आण्यांचा हिशेब सोपा वाटत असेल, तर तसे विचारा : रुपयातले किती आणे दुखते? तोंडाच्या जखमेमुळे बोलता येत नसेल, तर बोटे दाखवू द्या.

पथक पहिल्या दिवशी आले की हा आकडा त्यांच्या कागदावर लिहिला जातो का, ते पाहा. तुम्हीही घरच्या वहीत सकाळ, दुपार, रात्र असा लिहीत जा. बारा आण्यांचे दुखणे दोन-तीन दिवसांत चार-पाच आण्यांवर यायला हवे. नाही आले तर औषध वाढवायला किंवा बदलायला हवे. पथकाने तुमची वही वाचून त्यावरून मात्रा ठरवली, तर सेवा खरी आहे. वहीकडे न पाहता मागचीच चिठ्ठी पुन्हा लिहून दिली, तर तो तुमच्यासाठी इशारा आहे.

चौथी पायरी : जखम, तोंड, पाठ

तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तोंडाच्या कर्करोगाचे जे दुःख आणले आहे, त्यात वेदनेइतकाच मोठा त्रास जखमेच्या दुर्गंधीचा असतो. नातवंडे जवळ येत नाहीत, पाहुणे दारातूनच परततात आणि रुग्ण स्वतःच तोंड फिरवून बसतो. हे असेच चालायचे, असे कोणी सांगितले तर मान्य करू नका. मेट्रोनिडाझोल या साध्या, स्वस्त औषधाच्या गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर टाकतात. त्याने वास निर्माण करणारे जंतू मरतात आणि काही दिवसांत घरातला वास कमी होतो. पट्टी सुकी न ओढता मिठाच्या उकळून निवलेल्या पाण्याने भिजवून काढतात, म्हणजे रक्त येत नाही. पट्टी बदलण्याआधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी देतात. ही कामे पथकातली परिचारिका स्वतः करून दाखवते का आणि मग तुमच्या हातून करून घेते का, हे पाहा. नुसते तोंडी सांगून जाणारी आणि हात धरून शिकवणारी, यांच्यातच दर्जाचा फरक असतो.

तीच गोष्ट पाठीची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, हाडाच्या जागा रोज पाहायच्या, लालसर दिसले तर त्यावर भार येऊ द्यायचा नाही. हॉस्पिसमध्ये ठेवायचे असेल, तर आधी एकदा न कळवता भेट द्या. बैठकीच्या खोलीत न थांबता वॉर्डातून फिरा. रुग्णांच्या ओठांवर कोरड आहे का, चादरी ओल्या आहेत का, हाक मारल्यावर कोणी किती वेळात येते, हे दहा मिनिटांत दिसते. नातेवाइकांना कधीही भेटू देतात का आणि रात्री एकाला सोबत राहू देतात का, हेही विचारून घ्या.

पाचवी पायरी : रात्र आणि अंतर

त्रास बहुधा रात्री वाढतो आणि कार्यालये संध्याकाळी बंद होतात. म्हणून सेवा घेण्याआधीच दिलेल्या नंबरवर रात्री नऊ-दहाला फोन करून पाहा. कोण उचलते? ज्याने उचलला त्याला औषधांची माहिती आहे का, की ‘सकाळी करा’ म्हणतो? नंतर अडचणीत पडण्यापेक्षा ही चाचणी आधीच करून घेतलेली बरी.

मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा या भागांत रात्रीचे अंतर दिवसाच्या अंतरापेक्षा मोठे असते. रस्ता जंगलातून, वाघ-अस्वलाची भीती, पावसाळ्यात नाले भरलेले. अशा ठिकाणी पथक रात्री येईलच, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही. म्हणूनच चांगले पथक आधी विचार करून ठेवते. अचानक दुखणे वाढले, दम लागला, उलट्या सुरू झाल्या, जखमेतून रक्त आले, तर कोणते औषध किती द्यायचे, हे मराठीत लिहून ती औषधे घरात ठेवून जाते. दम लागला तर चेहऱ्यासमोर पंखा धरल्याने खरोखर आराम पडतो, गडद रंगाचा पंचा जवळ असला तर रक्त पाहून रुग्ण घाबरत नाही, अशा बारीक गोष्टीही सांगते. कधी रुग्णालयात न्यायचे आणि कधी धावपळ करून उपयोग नाही, हेही स्पष्ट करते. किती किलोमीटरपर्यंत घरभेट देता आणि आठवड्यातून किती वेळा, याचे उत्तर लिहून घ्या.

सहावी पायरी : बोलणे

वैद्यकीय कौशल्याइतकेच याला महत्त्व आहे. आपल्याकडे नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘त्यांना सांगू नका’ म्हणतात. त्यामागे माया असते, पण रुग्णाला बहुधा सगळे उमगलेले असते आणि मग घरात सगळेच एकमेकांपासून लपवत बसतात. चांगले पथक रुग्णावर सत्य आदळत नाही आणि खोटेही बोलत नाही. ‘बाबा, तुम्हाला आजाराबद्दल काय वाटते? किती सांगितलेले आवडेल?’ असे विचारून ते त्यांच्या गतीने पुढे जाते. शेतीचे कागद, कुणाची भेट, कुठे राहायचे, याबद्दल त्यांची इच्छा विचारते. तुमच्या सासऱ्यांशी थेट बोलतात की त्यांच्यासमोर तुमच्याशीच बोलतात, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

खाणे सुटण्याबद्दलही असेच. शेवटच्या दिवसांत भूक जाते, ती आजारामुळे जाते. सलाईन लावत नाहीत म्हणजे उपाशी ठेवतात, असा समज करून घेऊ नका. त्या अवस्थेत जास्त सलाईनने पायांवर सूज येते, छातीत पाणी साठून घरघर वाढते. ओठ ओले ठेवणे, मागतील तेव्हा चमचाभर पेज किंवा पाणी देणे, हे अधिक उपयोगी ठरते. हे तुम्हाला शांतपणे समजावून सांगायला बसणारा माणूस त्या पथकात असला पाहिजे.

सातवी पायरी : पैसा

मोफत म्हणजे हलके, असे या क्षेत्रात अजिबात नाही. शांती आवेदना सदन आणि पुण्याचे सिप्ला केंद्र ही देशातली नावाजलेली केंद्रे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. उलट, महाग पॅकेजमध्ये तपासण्या आणि सलाईनच जास्त असतात, असेही होते. पैसे घेणारी सेवा असेल तर भेटीचे, औषधांचे, सामानाचे आणि रात्रीचे दर वेगवेगळे लिहून मागा. प्रत्येक तपासणीआधी एकच विचारा : याच्या निकालाने औषधात काय बदल होणार? बदल होणार नसेल, तर ती तपासणी कशासाठी, हे डॉक्टरांना सांगता आले पाहिजे.

एका आठवड्यानंतर

आता हे सगळे एकत्र करा. आठ दिवसांनी वही उघडा. आकडा उतरला का? रात्रीची सलग झोप मिळते का? पोट साफ होते का? जखमेचा वास कमी झाला का? पाठीवर नवी जखम तर नाही ना? आणि तुमचे काय? तुम्हाला झोप मिळाली का, भीती थोडी कमी झाली का, कुणी तुमची विचारपूस केली का? रुग्णाची सेवा करणारी सून किंवा लेक मोडून पडली, तर सेवाच बंद पडते. म्हणून तिची काळजी घेणे हा दर्जाचाच भाग आहे. बहुतेक उत्तरे चांगली असतील, तर जागा कितीही साधी असो, सेवा चांगली आहे. बहुतेक वाईट असतील, तर पथकाशी स्पष्ट बोला. तरी फरक पडला नाही तर सेवा बदला, त्यात भिडेचे कारण नाही.

मूलमध्ये राहून हे शोधायचे कुठे? आधी नागपूरच्या तुमच्या डॉक्टरांनाच पॅलिएटिव्ह विभागाच्या नावे चिठ्ठी मागा. चंद्रपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रमाची चौकशी करा. हा कार्यक्रम २०१२ पासून आहे. गडचिरोली तुम्हाला जवळ पडत असेल तर तिथल्या जिल्हा रुग्णालयातही विचारा. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर आणि तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया या संस्था देशभरातल्या केंद्रांची माहिती देतात. शिवाय उपकेंद्रांची जी आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली, त्यांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा धरलेली आहे. आशाताईंना आणि तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आवर्जून सांगा.

बहुधा एकाच जागी सगळे मिळणार नाही. तेव्हा जोडणी करावी लागेल : मॉर्फिन आणि मुख्य सल्ला मोठ्या केंद्राकडून, पट्टी आणि देखरेख जवळच्या परिचारिकेकडून, तातडीला गावातले डॉक्टर. अशा वेळी पारखण्याचा प्रश्न एकच उरतो. मोठे केंद्र तुमच्या गावच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलून उपचार समजावून देते का? जे देते, ते दीडशे किलोमीटरवर असूनही तुमच्या जवळचे आहे.

प्रश्न : ही सेवा फक्त कर्करोगासाठीच असते का? आमच्या घरी सिकलसेलचा रुग्ण आहे. त्याला वरचेवर असह्य दुखते.
– एक वाचक, सिंदेवाही

उत्तर : नाही. अर्धांगवायू, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची निकामी अवस्था, फुप्फुसाचे जुने विकार, स्मृतिभ्रंश, या सगळ्यांत ती लागते. सिकलसेल विदर्भात पुष्कळ आहे आणि त्याचे रुग्ण तरुण असतात. त्यांच्या बाबतीत शेवटच्या सेवेचा विचार करायचा नसून वेदना नीट हाताळण्याचा आहे. हायड्रॉक्सीयुरियासारखे नियमित उपचार चालू ठेवून त्याच्या जोडीला वेदनेच्या डॉक्टरांची मदत घ्यायची. या रुग्णांना ‘नाटक करतो, इंजेक्शनची सवय लागली’ असे ऐकवले जाते. जिथे असे ऐकवतात, तिथल्या वेदना-उपचाराचा दर्जा आणखी तपासायची गरज नाही. मात्र ताप, छातीत दुखणे, दम लागणे, अचानक एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काही झाले तर घरी थांबू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

प्रश्न : रुग्ण घरीच गेला तर मृत्यूचा दाखला मिळायला अडचण येते, असे ऐकतो. म्हणून शेवटी रुग्णालयात हलवावे का?
– एक वाचक, सावली

उत्तर : केवळ दाखल्यासाठी हलवू नका. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावे, अशी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच तरतूद आहे. घरी झालेल्या मृत्यूसाठी ४अ हा नमुना असतो. नोंद २१ दिवसांच्या आत करायची, तीही मृत्यू जिथे झाला तिथे : गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपरिषदेकडे. शेवटच्या दिवशी नागपूरला हलवले आणि तिथे मृत्यू झाला, तर नोंदही नागपुरातच होते आणि दाखल्यासाठी पुन्हा तिकडे जावे लागते.

अडचण येते ती, घरी पाहणारा डॉक्टरच ठरलेला नसला तर. म्हणून सेवा ठरवतानाच विचारा : वेळ आली तर कुणाला कळवायचे, प्रमाणपत्र कोण देईल, रात्री झाले तर काय? हा प्रश्न विचारणे अशुभ नाही. ज्या पथकाने अशी घरे पाहिली आहेत, त्याच्याकडे उत्तर तयार असते. डॉक्टरांचे नाव, नंबर आणि पुढची कामे ते आधीच एका कागदावर लिहून देते. तो कागद औषधांच्या पिशवीतच ठेवा आणि घरातल्या किमान दोघांना तो दाखवून ठेवा.